मित्राचं रक्त

एक किस्सा मी नोकरीच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत जिथे तिथे सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत सांगितला, बदलीच्या चहापाण्यात सांगितला, एसटीत शेजारी कोण बसलंय हे न बघता सांगितला. दर वेळी हशा मिळाला. तो असा.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ. लोक म्हणायचे रगतवाले भाऊ. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि तिची व्हरांड्यात उघडणारी एक खिडकी. खिडकीबाहेर बाक, बाकावर पंधरा-वीस माणसं, त्यांच्या मागे भिंतीला टेकून आणखी तेवढीच. रक्त द्यायचं त्या खिडकीतून, रिपोर्ट घ्यायचा त्याच खिडकीतून. मी आतून नाव पुकारणार, बाहेरचे सगळे ऐकणार. एकदा एक तरणाबांड मुलगा आला. नवी पँट, केसांना तेल, आवाज मात्र कुजबुजीइतका.

"भाऊ, एक ईचारानं व्हतं. मना एक दोस्त शे. त्याले तठे फोड व्हयेल शे. दुखत बी नही. तपासनं पडी का?"

मित्राला 'तिथे' फोड झालाय म्हणे. मी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग बाकाकडे पाहिलं, कारण प्रेक्षक बघितल्याशिवाय मला सुचत नाही. आणि म्हणालो, "मंग दोस्तनं रगत तुना हातमाईन काढू का?"

म्हणजे मित्राचं रक्त तुझ्या हातातून काढू का. व्हरांडा हसला. एक म्हातारी तर पदर तोंडाला लावून पुढे वाकली. मुलगाही हसला आणि हसत हसत मागे सरकत निघून गेला.

किस्सा इथे संपतो. म्हणजे मी तो इथे संपवायचो.

आता निवृत्त झालो आहे. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमती लिहा, असं सांगण्यात आलं. गमती खूप आहेत. लघवीच्या बाटलीत उसाचा रस आणणारा भेटला आहे आणि त्याला मधुमेह आहे असं खात्रीनं सांगणारा मीही स्वतःला भेटलो आहे. पण आज हाच किस्सा पूर्ण सांगतो. हसू आलं तर हसा. मला सांगताना राग येतो आणि तो कोणाकोणावर आहे ते कळेलच.

आधी त्या दुखण्याचं सांगतो, कारण त्याचं नाव घेताना शिकलेली माणसंही आवाज खाली करतात. पुस्तकात त्याला उपदंश म्हणतात, इंग्रजीत सिफिलिस. शरीरसंबंधातून लागतो. आधी एक फोड येतो, आणि तो दुखत नाही. हीच त्याची लबाडी. दुखला असता तर माणूस धावत आला असता. काही आठवड्यांत फोड आपोआप जातो. मलम लावा, पाला बांधा किंवा नुसतं बघत बसा, तो जाणारच असतो. पण माणसाला वाटतं मलमानं गेला. रोग मात्र आत रक्तात बसलेला असतो. पुढे कधी तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं. मग वर्षानुवर्षं काहीच नाही. बाहेरून माणूस ठणठणीत, आतून हृदय आणि मेंदू पोखरायची तयारी. आणि बाई गरोदर असेल तर रोग नाळेतून बाळापर्यंत जातो. मूल पोटातच दगावतं, किंवा दुखणं घेऊनच जन्मतं.

हे ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. पांढरं गुळगुळीत कार्ड असतं, त्यावर गोल छापलेले. गोलात रक्ताचं निवळलेलं पाणी पसरायचं, त्यावर कोळशाची बारीक पूड मिसळलेल्या औषधाचा थेंब टाकायचा आणि कार्ड फिरत्या तबकडीवर आठ मिनिटं ठेवायचं. रक्तात काही नसेल तर गोल राखेसारखा एकसारखा करडा राहतो. असेल तर पूड गोळा होते, रांगोळीवर पाण्याचे थेंब पडावेत तशी. डोळ्यांनी दिसतं. लाइट गेली तर मी कार्ड हातात धरून मनगटानं फिरवायचो. आठ मिनिटं. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं भाऊ आत पापड वाळवतोय.

आणि औषध? पेनिसिलिनचं इंजेक्शन. रोग नवा असेल तर एकदा, कधीचा ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतरानं तीनदा. सरकारी दवाखान्यात फुकट. दुखतं एवढं की माणूस दोन दिवस बदकासारखा चालतो. पण रोग जातो. इतक्या सोप्या औषधानं जाणाऱ्या दुखण्यानं लोकांचे संसार मोडावेत, याचा राग मला आजही गिळता येत नाही.

आता माझी स्वतःची फजिती. त्या मुलाच्या आधीची आहे, हे लक्षात ठेवा.

औषधाची नवी पेटी आली की ती बरोबर चालते का हे बघायला मी स्वतःचं रक्त घालायचो. आपलं रक्त म्हणजे गंगाजल, असा विश्वास. एकदा मलेरियातून उठलो होतो. कार्ड फिरवलं, आठ मिनिटांनी बघतो तर माझ्या गोलात बारीक काळे कण गोळा झालेले. पुन्हा केलं, तेच.

मलेरियासारख्या तापानंतर ही तपासणी कधीकधी खोटं बोलते आणि म्हणून दुसरी पक्की तपासणी करायची असते, हे मला पाठ होतं. दुसऱ्यांना मी ते रोज सांगत होतो. पण ते कार्ड मी रुमालात गुंडाळलं आणि खिशात घालून घरी नेलं, चोरीचा माल न्यावा तसं. तीन दिवस बायकोशी नजर भिडवली नाही. तिनं विचारलं, "पोट बिघडलंय का?" हो म्हटलं, तर तीन दिवस मुगाची खिचडी खावी लागली. माझ्या आयुष्यात घाबरण्यासारखं काही घडलेलं नव्हतं, तरी मी लग्नाआधीच्या सगळ्या वर्षांची मनात झडती घेतली.

शेवटी नमुना धुळ्याला पाठवला. तिथे माझ्या शिकण्याच्या काळातला एक सोबती पक्की तपासणी करायचा. फोनवर त्याला म्हणालो, "जरा बघ ना. एका मित्राचं आहे."

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "तुझ्या मित्राला काही झालेलं नाही. त्याला सांग, खिचडी बंद कर." खिचडीचं मीच बोलून बसलो होतो.

म्हणजे मित्राच्या नावामागे लपणं काय असतं ते मला ठाऊक होतं. त्यानंतर दोन वर्षांनी तो मुलगा खिडकीवर आला आणि मी त्याला काय म्हणालो ते तुम्ही वाचलंच आहे. त्या सोबत्यानं मला एकट्याला, फोनवर, हळूच हसवलं होतं. मी तेच हत्यार चाळीस माणसांसमोर उपसलं.

पुढे दोन-अडीच वर्षं गेली. चोपड्याकडच्या एका गावातली जयश्री नावाची सून चौथ्या महिन्यात तपासणीला आली. दुसरं गरोदरपण. पहिल्या वेळी खासगीत दाखवलं होतं, तिथे ही तपासणी कुणी सांगितली नाही. ते मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. घरच्यांनी तिला काय काय खाऊ घातलं, कुठे कुठे नारळ फोडायला लावले, ते ती रक्त देताना सहज सांगत होती. बाजारहाट सांगावा तसं.

तिचं कार्ड फिरवलं. आठ मिनिटं कशाला, चौथ्या मिनिटालाच पूड गोळा झाली. रक्त पातळ करत करत पाहिलं, बत्तीस पट पातळ केलं तरी गोळा होत होती. हे मलेरियाचं काम नव्हतं.

नियम असा की असा रिपोर्ट खिडकीतून द्यायचा नाही. तो बोरसे सिस्टरांकडे जायचा. त्या समुपदेशक. बाईला आत बसवायच्या, दार लावायच्या, सगळं समजावून तिथेच पहिलं इंजेक्शन द्यायच्या आणि नवऱ्याला बोलवायच्या. पण दुपारी खिडकीवर आले जयश्रीचे सासरे, नाना. सगळ्यांचा रामराम घेणारा माणूस, केळीच्या हंगामात प्रयोगशाळेत एक फणी ठेवून जाणारा. आमच्याकडे रिवाजच तसा, जो सोबत आला त्याच्या हाती कागद. सूनबाईनं स्वतःचा कागद स्वतः घेतल्याचं मी तोवर पाहिलंच नव्हतं. नाना म्हणाले, "भाऊ, आमना सूनना रिपोर्ट," आणि मी दिला. वर म्हणालो, "सिस्टरांना भेटून जा."

भेटले नाहीत. औषधाच्या दुकानात जाऊन कागद वाचून घेतला. जयश्रीला तिच्या रक्तात काय आहे ते कळलं सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी वही पाहिली आणि माझ्यासमोर आदळली. "भाऊ, हा रिपोर्ट कुठे आहे?"

"नानांकडे दिला."

"नाना गरोदर आहेत का?"

मी आयुष्यात बऱ्याच जणांना गप्प केलं आहे. मला गप्प करणाऱ्या त्या एकच.

आम्ही शोध घेईपर्यंत चौथा दिवस उजाडला. जयश्री माहेरी, पाचोऱ्याजवळ पोचली होती. कशी पोचवली तेही ऐका. आपल्याकडे बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. मानानं जाते, ओटी भरून, नवं लुगडं नेसून. या लोकांनी सातव्या महिन्याची वाट न बघता चौथ्याच महिन्यात तिची ओटी भरली, शेजारच्या बायका बोलावल्या, गाडीत बसवलं आणि परत आणायचं नाही असं ठरवूनच धाडलं. गावाला वाटलं, किती हौशी सासर. हाकलून देण्याची इतकी देखणी तऱ्हा मी दुसरी पाहिली नाही. ओटीतल्या तांदळाची शपथ, त्या दिवशी नाना समोर असते तर मी त्यांच्या टोपीचाही मान ठेवला नसता.

फोन केला तर नाना शांतपणे म्हणाले, "तिना रगतमा दोष निंघना, भाऊ. आते तठेच बरी शे."

"नाना, हा रोग एकट्याला होत नाही. पोराला तपासणीला पाठवा."

"आमना पोऱ्या तसा नही."

हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं आहे की ते रबरी शिक्क्यावर कोरून घ्यावं. सूनही तशी नही, असं एकाही घरातून मी ऐकलं नाही. बाईचं रक्त दवाखाना तपासतो, कारण ती पोटुशी राहते आणि समोर येते. मग सगळ्यांना वाटतं, जिच्यात सापडलं तिच्यातच ते उगवलं.

सिस्टरांनी पाचोऱ्याला फोन लावून जयश्रीच्या तीन इंजेक्शनांची सोय केली. ती दर आठवड्याला एकटी जाऊन घेत होती. राहिला नवरा. तो उपचार घेणार नसेल तर ती परत आल्यावर पुन्हा तेच. फोन तो उचलत नव्हता. सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या खिडकीतून गेलेलं आहे, तुम्हीच आणा. आणि भाऊ, तिथे किस्से सांगू नका."

गेलो मोटारसायकलवर. प्रशांत, म्हणजे नवरा, केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघत होता. मला पाहून त्यानं हातातली नळी सोडली नाही. मी नाव सांगायच्या आत म्हणाला, "वळखतो तुम्हाला."

"दवाखान्यात पाहिलं असेल."

"खिडकीवर आलो होतो एकदा. मित्राचं विचारायला."

मी चष्म्यावरून पुन्हा पाहिलं. नवी पँट नव्हती, तेल नव्हतं, पण तोच होता.

"तुम्ही म्हणालात, दोस्तनं रगत तुना हातमाईन काढू का," तो म्हणाला. "आमच्या गावातला एक माणूस बसला होता बाकावर. तो पण हसला. मग मी मेडिकलवरून गोळ्या आणल्या, मलम आणलं. पंधरा-वीस दिवसांत गेलं. म्हटलं, बरं झालं. मग लगीन झालं."

माझ्या त्या किश्शाचा शेवट तिथे ठिबकच्या नळीशेजारी उभा होता आणि मी तो किस्सा दोन-अडीच वर्षं या शेवटाशिवायच रंगवून दाखवत होतो.

कुठून आणलं दुखणं, ते मी त्याला विचारलं नाही. ते विचारायचं नसतं, त्यानं रोग बरा होत नाही. कार्डाचं सांगितलं, इंजेक्शनाचं सांगितलं. फोड गेला म्हणजे रोग गेला नाही, हेही सांगितलं. तो खाली बघून ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊ, ते पहिलं बाळ..."

"खात्रीनं आता कुणीच सांगू शकणार नाही. पण असू शकतं. बहुतेक तेच असावं."

त्यानं नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं. पाणी थांबलं.  मग तो म्हणाला, "नानांना सांगू नका."

तिथे माझा तोल गेला. इतका वेळ स्वतःवरचा राग सांभाळून होतो, तो त्याच्यावर निघाला. "तुझ्या घरात तिला दोषी ठरवून ओटी भरून हाकललं, आणि तुला बापाची भीती? ती तिकडे दर आठवड्याला एकटी जाऊन दोन्ही बाजूंना सुया टोचून घेते. बदकासारखी चालत घरी जाते. आईला काय सांगत असेल? तुला माहीत होतं, प्रशांत. तिला माहीतसुद्धा नव्हतं."

त्यानं अंगठा काढला आणि पाणी सोडलं. मी तिथेच थांबलो, कारण पुढचं वाक्य माझ्यावरच येणार होतं.

सोमवारी सकाळी खिडकीवर गर्दी होती. मी मान वर केली तर प्रशांत समोर. बाही दंडापर्यंत सारलेली. मी हळू आवाजात म्हणालो, "मागच्या दारानं आत ये."

तो हलला नाही. हात खिडकीतून आत घातला आणि म्हणाला, "भाऊ, त्या दोस्तनं रगत काढा."

बाकावर कुणाला काही कळलं नाही. कुणी हसलं नाही. तीस वर्षांचा सराव असूनही मी त्याची शीर दुसऱ्या वेळी पकडली.

त्याचं कार्डही बोललं. त्यानंही तीन इंजेक्शनं घेतली. पहिल्या इंजेक्शनाच्या तिसऱ्या दिवशी त्यानं घरी सांगितलं. नानांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही म्हणे. सुनेला धाडलं त्या दिवशी मात्र जेवले होते.

पुढच्या रविवारी जयश्रीला आणायला गाडी निघाली. बोरसे सिस्टरांनी मला त्या गाडीत कोंबलं. बोलायचं नाही, आजाराचं कुणी काही विचारलं तरच उत्तर द्यायचं, अशी ताकीद होती. पाचोऱ्याजवळच्या त्या घरात ओसरीवर आम्ही तिघं बसलो, नाना, प्रशांत आणि मी. जयश्रीची आई पाणी घेऊन आली आणि तांब्या ठेवून तिथेच उभी राहिली. जयश्री दारात.

नाना म्हणाले, "गाडी आनेल शे. चाल बेटा."

जयश्री म्हणाली, "पहिले सांगा, हाई दुखनं कोनापाईन उनं."

हे दुखणं कोणापासून आलं, या प्रश्नावर नाना माझ्याकडे बघायला लागले. मी कागद वाचून दाखवीन, वैद्यकशास्त्र मध्ये घालीन, काहीतरी गोल बोलून सगळ्यांना सोडवीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. गोल बोलण्यात माझा हातखंडा आहे. मी तांब्याकडे बघत बसलो.

"झायं गयं ते," नाना म्हणाले.

"मनी मायना समोर सांगा. तुमी बठ्ठा गावना बायका बलायेल व्हत्या, आठे ते एकटी मायच शे."

प्रशांत उठून उभा राहिला. त्यानं जयश्रीच्या आईकडे तोंड केलं. "मनापाईन," तो म्हणाला. "मनापाईन उनं. तिना काही दोष नही."

जयश्रीच्या आईनं तांब्या उचलला आणि आत गेली. तिनं कुणालाही चहा विचारला नाही.

जयश्री त्या दिवशी गाडीत बसली नाही. म्हणाली, "आता ओटी भरलीच आहे, तर बाळंतपण करूनच येईन." नानांनी मान डोलावली. दुसरं करण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, रडणारी, दिसायला ठणठणीत. तरी अशा मुलाचं रक्त तपासावं लागतं. आईच्या रक्तातलं थोडं बाळात उतरलेलं असतं, ते पुढे ओसरत जातं की नाही हे बघत राहावं लागतं. पहिल्यांदा पूड गोळा झाली, पण अगदी फिकट. तिसऱ्या महिन्यात त्याहून कमी. सहाव्या महिन्यात जयश्री तिला घेऊन माझ्याकडे आली. माझी निवृत्ती त्याच महिन्यात होती. तोवर मी खिडकीला फळी ठोकून घेतली होती आणि नाव पुकारणं बंद केलं होतं. नंबर द्यायचो आणि एकेकाला दारातून आत घ्यायचो. तीस वर्षांपूर्वी हे करायला कुणी अडवलं नव्हतं. बाकावरचा हशा तेवढा गेला असता.

कार्ड तबकडीवर ठेवलं. आठ मिनिटं आम्ही दोघं बघत बसलो. मुलगी माझ्या चष्म्याशी झटत होती. गोल करडाच राहिला, धुतलेल्या पाटीसारखा एकसारखा.

"काही नाही," मी म्हणालो. "स्वच्छ."

रिपोर्ट लिहिला. तिनं हात पुढे केला, मी तिच्या हातात दिला. तिनं तो उभ्या उभ्या पूर्ण वाचला, घडी केली आणि पिशवीत ठेवला. आता ती आभार मानेल म्हणून मी नम्र चेहरा तयार केला.

"भाऊ," ती म्हणाली, "यांनी मला खिडकीवरचं सांगितलं. तो किस्सा तुम्ही अजून सांगता का?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो. आठवड्यापूर्वीच माझ्या निरोप समारंभात सांगितला होता. नेहमीसारखा, अर्धाच. हशा झाला होता.

तिला कळलं असावं. मुलीला कडेवर सावरत ती दारापर्यंत गेली आणि वळली. "सांगा," ती म्हणाली. "पण पूर्ण सांगा. माझं नाव बदला. त्यांचं राहू द्या."

मी दोघांचीही बदलली आहेत, गावही सांगितलेलं नाही. माझं नाव मात्र लेखाच्या वर छापलेलं आहे.